समूहवाचक शब्द : अलंकार की निवाडा?

१

इंग्रजी भाषेच्या शब्दवैभवाची चर्चा निघाली की काही उदाहरणे हटकून पुढे येतात. चंडोलांच्या थव्याला इंग्रजीत ‘एक्झाल्टेशन’ म्हणजे उन्नयन म्हणतात, कावळ्यांच्या थव्याला ‘मर्डर’ म्हणजे हत्या, डोमकावळ्यांच्या थव्याला ‘अनकाइंडनेस’ म्हणजे निर्दयता आणि सिंहांच्या कळपाला ‘प्राइड’ म्हणजे अभिमान. उदाहरणे संपली की निष्कर्षही ठरलेलाच असतो : मध्ययुगीन इंग्रज माणूस समूहांकडे कवीच्या नजरेने पाहत असे, पुढे व्यवहारी गद्याच्या युगात ही नजर हरवली. जेम्स लिप्टन यांच्या ‘अ‍ॅन एक्झाल्टेशन ऑफ लार्क्स’ (१९६८) या लोकप्रिय पुस्तकाने ही समजूत दूरवर पोहोचवली. जुने शब्द गोळा करून त्यांच्या धर्तीवर नवे घडवण्याचा खेळ त्या पुस्तकाने रूढ केला. खेळ म्हणून त्याला कोणी हरकत घेण्याचे कारण नाही.

हरकत आहे ती समीक्षेने हा खेळ सिद्धान्ताच्या पुराव्यादाखल स्वीकारण्याला. रूपकाची चर्चा करताना, श्क्लोव्हस्की यांच्या ‘अपरिचितीकरणा’ला दाखला शोधताना, किंवा भाषा मुळातच काव्यात्म असते हे प्रमेय मांडताना याच यादीला साक्षीस बोलावले जाते. साक्षीदार कोण, तो कोठून आला, त्याची जबानी कोणत्या प्रसंगी नोंदली गेली, याची उलटतपासणी मात्र सहसा होत नाही.

ती केली असता असे दिसते, की ही समजूत व्याकरणात चुकते, इतिहासात चुकते आणि ज्या प्रश्नासाठी हे शब्द अभ्यासावयाचे तो प्रश्नच नजरेआड करते. समूहाला नाव कोण देतो आणि त्या नावामुळे समूहातील एकेका माणसाचे काय होते, हा तो प्रश्न. जे. एल. ऑस्टिन यांनी ‘हाउ टू डू थिंग्ज विथ वर्ड्‌ज’ (१९६२) या ग्रंथात वाक्कृतींचे जे वर्ग पाडले, त्यांत निवाडा देणाऱ्या कृतींचा एक वर्ग आहे. जुन्या इंग्रजीतील समूहवाचक शब्दांचे खरे स्थान त्या वर्गाच्या शेजारी आहे. त्यांना अलंकारशास्त्राच्या दालनात नेऊन बसवणे म्हणजे न्यायालयातील निकालपत्राचे अक्षर किती वळणदार आहे एवढेच पाहून परतणे होय.

२

प्रथम व्याकरण. ज्या यादीवर हा सारा डोलारा उभा आहे, ती १४८६ साली सेंट ऑल्बन्स येथे छापल्या गेलेल्या ‘बुक ऑफ सेंट ऑल्बन्स’ या ग्रंथातील आहे. ससाणे पाळणे, शिकार आणि कुलचिन्हे हे ग्रंथाचे विषय. शिकारीच्या प्रकरणानंतर ‘पशुपक्ष्यांचे मेळे’ अशा अर्थाच्या शीर्षकाखाली दीडशेहून अधिक पदबंध दिले आहेत. ही यादी त्या ग्रंथाची एकट्याची निर्मिती नाही. १४५०च्या सुमाराच्या एका हस्तलिखितात शंभराच्या आसपास पदबंध आढळतात, आणि कॅक्स्टननेही १४७७च्या सुमारास लिडगेटच्या एका काव्याच्या छपाईत अशीच यादी शेवटी जोडली होती. म्हणजे पंधराव्या शतकात अशा याद्या हस्तलिखितांतून फिरत होत्या. छापखान्याने त्यांना एक भारदस्त शीर्षक मिळवून दिले.

घोटाळ्याचे मूळ या शीर्षकात आहे. ‘मेळे’ असे वर लिहिले असल्यामुळे खालचा प्रत्येक पदबंध मेळ्याचे नाव आहे, असे वाचक धरून चालला. जॉन हॉजकिन यांनी १९०९च्या सुमारास, लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीसाठी केलेल्या विस्तृत अभ्यासात, या गृहीताला सुरुंग लावला. त्यांच्या मते यांतील पुष्कळ पदबंध समूहवाचक नाहीतच. ते त्या त्या प्राण्याच्या अथवा माणसाच्या आवाजाचे, हालचालीचे, धर्माचे वा व्यवसायाचे योग्य शब्द आहेत. यादी या दृष्टीने वाचली की चित्र झपाट्याने पालटते. ‘मर्मरेशन’ हा साळुंकीच्या कुळातील स्टार्लिंग पक्ष्यांचा कलकलाट आहे. ‘गॅगल’ हा हंसबदकांच्या आवाजाचा अनुकरणवाचक शब्द आहे. बदकांच्या एका जातीपुढे बुडी मारण्याचा शब्द आहे. वीणावादकांपुढे ‘मेलडी’ आहे, शिकाऱ्यांपुढे शिंग फुंकल्याचा ‘ब्लास्ट’ आहे, न्यायाधीशांपुढे ‘सेंटेन्स’ म्हणजे ते देतात ती शिक्षा आहे. आणि ज्या चंडोलांच्या नावे एवढे काव्य सांगितले जाते, त्यांच्यापुढे १४८६च्या पाठात ‘एक्झाल्टिंग’ असे धातुसाधित रूप आहे. चंडोल गात गात सरळ वर चढतो, हे शेतावर काम करणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. त्या वर चढण्याचा हा शब्द.

मराठी वाचकाला हा भेद समजावयास इंग्रजीचे फारसे साहाय्य लागू नये. ‘कावळ्यांचा थवा’ आणि ‘कावळ्यांची कावकाव’ या दोन्ही रचनांत षष्ठीच आहे. पहिलीत कावळे एकत्र मोजले गेले आहेत, तर दुसरीत कावळे काय करतात ते सांगितले आहे. पाचशे वर्षांनी एखाद्या परदेशी अभ्यासकाने ‘कावकाव’, ‘वकिलांचा युक्तिवाद’ आणि ‘बेडकांचे डरावणे’ ही सारी मराठीतील समूहवाचक नामे ठरवली आणि त्यांवरून मराठी मनाच्या काव्यात्मतेचा सिद्धान्त उभारला, तर त्याची जी गत होईल तीच आज या यादीतून काव्य काढणाऱ्यांची झाली आहे. संबंधवाचक षष्ठीचे दोन अर्थ एकमेकांत मिसळले, त्या मिसळीतून एक विस्मय निर्माण झाला, आणि त्या विस्मयाला काव्यदृष्टी असे नाव पडले.

एवढ्याने भागले नाही. विस्मयाची मागणी वाढली तसा पुरवठाही वाढला. ‘घुबडांची पार्लमेंट’ हा मध्ययुगीन शब्द म्हणून बेधडक सांगितला जातो. १४८६च्या यादीत तो नाही. सी. एस. लुइस यांच्या ‘द सिल्व्हर चेअर’ (१९५३) या बालकादंबरीतील एका प्रकरणाचे ते शीर्षक आहे आणि त्यामागे चॉसरच्या पक्षिसभेच्या काव्याची थट्टामिश्रित आठवण आहे. ग्रंथकर्तृत्वाचेही असेच झाले. शिकारीच्या प्रकरणाशेवटी ज्युलियाना बार्न्स किंवा बर्नर्स हे नाव येते. नावापलीकडे या बाईंविषयी भरवशाचे काही हाती नसताना, पुढील परंपरेने त्यांना सॉपवेल येथील जोगिणींच्या मठाची प्रमुख करून टाकले. ज्या यादीत जोगिणींपुढे ‘सुपरफ्लुइटी’ म्हणजे फाजील भरणा असा शब्द आहे, ती एका मठप्रमुखेने रचली, ही दंतकथा रंगतदार आहे. पण समीक्षेने रंगतीला पुराव्याची जागा देऊ नये.

३

येथे एक आक्षेप रास्तपणे घेतला जाईल. समजा, यांतील निम्मे पदबंध समूहवाचक नसतील. तरीही यादी म्हणून जी संहिता उभी राहते, तिच्यात खेळकरपणा आहेच. तो काव्याचाच एक प्रकार नव्हे काय?

खेळकरपणा आहे, हे मान्य करावयासच हवे. परंतु तो कोणत्या घरात चालला आहे ते पाहावे. नॉर्मन विजयानंतर इंग्लंडमध्ये शिकारीचा हक्क राजाचा आणि त्याने ज्यांना दिला त्यांचा झाला. राजाच्या राखीव वनांसाठी निराळे कायदे आले. शिकारीची परिभाषा या हक्काची सावली होती. ती बरीचशी फ्रेंचमधून आली, सरदारघराण्यांतून मुलांना शिकवली गेली, आणि तिचा अचूक वापर हे कुलीनतेचे लक्षण ठरले. हरणांच्या समूहाला जो शब्द, तो रानडुकरांच्या समूहाला चालत नसे. चुकीचा शब्द वापरणाऱ्याचे कूळ त्या एका शब्दाने उघडे पडे. ‘बुक ऑफ सेंट ऑल्बन्स’मध्ये मेळ्यांच्या यादीबरोबर आणखी एक यादी आहे : कोणता प्राणी वा पक्षी ताटात कापताना कोणते क्रियापद वापरावे, याची. जिवंत प्राणी रानात आणि शिजलेला प्राणी मेजावर, दोन्हीकडे शब्दाची पारख होत होती.

हे ज्ञान छापील रूपात विक्रीस आले ते १४८६ साली, बॉसवर्थच्या लढाईच्या दुसऱ्याच वर्षी. जुनी घराणी खचत होती, नवे जमीनदार आणि सधन व्यापारी वर सरकू पाहत होते. ज्यांना वाड्यात जन्मून हे शब्द मिळाले नव्हते त्यांना ते आता पुस्तकातून मिळू लागले. विंकिन द वोर्डने १४९६ साली ग्रंथ पुन्हा छापला. १५९५ साली जर्व्हेज मार्कमने त्याची जी आवृत्ती काढली, तिच्या नावातच ‘जंटलमन’ची शाळा आली. गिऱ्हाईक कोण होते याचा याहून स्पष्ट पुरावा शोधण्याची गरज नाही.

आता त्या यादीतील माणसांकडे पाहावे. हरणे आणि ‘हार्लट’ यांना एकच ‘हर्ड’ हा शब्द आहे. त्या काळी ‘हार्लट’ हा शब्द उनाड, भटक्या, हलक्या माणसासाठी, पुरुषासाठीसुद्धा, वापरात होता. सरदारस्त्रिया, रो-हरिणी आणि लावे पक्षी या तिघांना एकच ‘बेव्ही’ आहे. कोल्हा जसा दबा धरतो तसे भिक्षू दबा धरतात. चर्मकारांपुढे मद्यधुंदी आहे, बायकांपुढे असहनशीलता आहे, पावा वाजवणाऱ्यांपुढे दारिद्र्य आहे. शिकारीस योग्य जनावर आणि हाताखालचे माणूस एकाच स्तंभात, एकाच सुरात, एकाच षष्ठीने बांधले गेले आहेत. ज्या नजरेने रान पाहायचे त्याच नजरेने गाव पाहिले आहे, आणि ती नजर घोड्यावर बसलेल्याची आहे.

येथेही न्याय्य राहिले पाहिजे. यादी केवळ दुबळ्यांवर तुटून पडत नाही. धर्माध्यक्षांपुढे ‘पाँटिफिकॅलिटी’ म्हणजे गुरुपदाचा डौल आहे, दरबाऱ्यांपुढे धमकावणी आहे, पापमुक्तीची पत्रे विकणाऱ्यांपुढे थापेबाजी आहे, शिंप्यांपुढे मिरवणे आहे. समाजातील एकेका श्रेणीचे दोष क्रमाने सांगणारी जी उपरोधपर परंपरा मध्ययुगात रुळली होती आणि जिचा चॉसरच्या संदर्भात जिल मान यांनी १९७३च्या ग्रंथात बारकाईने मागोवा घेतला, तिच्याशी या यादीचे नाते आहे. परंतु हे नाते मान्य केल्याने अलंकारवाद्यांची बाजू बळकट होत नाही, उलट पडते. उपरोध हा निवाड्याचाच हसरा चेहरा आहे. त्यात भर अशी, की चॉसरचा प्रत्येक यात्रेकरू बोलतो, स्वतःच्या श्रेणीवरील ठपक्याशी झगडतो, कधी त्यातून निसटतो. यादीतील माणसाला वाक्य नाही. त्याच्या वाट्याला एक नाम आले आहे, आणि त्या नामावर अपील नाही. चॉसरचे काव्य आणि ही यादी यांत जो फरक आहे तोच साहित्य आणि शेरा यांत आहे. ज्या समीक्षेला तो दिसत नाही तिने काव्यदृष्टीविषयी बोलताना जरा बेताने बोलावे.

४

समूहवाचक शब्द आणि निवाडा यांचे नाते पंधराव्या शतकात जडले असे मात्र नाही. ते अँग्लो-सॅक्सन काळापासून आहे, आणि तेथे ते थट्टेच्या आडोशाशिवाय, उघड्या कायद्यात दिसते.

वेसेक्सचा राजा इने याने ६८८ ते ६९४ या दरम्यान केव्हातरी एक कायदेसंहिता जाहीर केली. पुढे राजा आल्फ्रेडने नवव्या शतकाच्या अखेरीस स्वतःच्या संहितेला ती जोडली म्हणून ती टिकली. तीत एक व्याख्या आहे. सात माणसांपर्यंत त्यांना चोर म्हणावे. सातापासून पस्तिसांपर्यंत असतील तर तो ‘ह्लोथ’. त्याहून अधिक असतील तर तो ‘हेरे’. पहिल्या पायरीवर माणसे अजून माणसे आहेत, अनेकवचनी आहेत. दुसऱ्या पायरीवर ती एकवचनी नामात विरघळली आहेत. आणि हे विरघळणे व्याकरणापुरते नाही. ह्लोथमध्ये असल्याचा आरोप ज्याच्यावर येई त्याला १२० हाइड जमिनीच्या मोलाच्या शपथेने तो दूर करावा लागे किंवा तितकी भरपाई द्यावी लागे. हेरेत असल्याचा आरोप असेल तर स्वतःच्या ‘वेरगिल्ड’एवढी, म्हणजे आपल्या दर्जानुसार ठरलेल्या स्वतःच्या जीवाच्या किमतीएवढी, रक्कम मोजावी लागे किंवा त्या तोलाची शपथ घ्यावी लागे. आल्फ्रेडच्या संहितेने याच धाग्याला आणखी एक गाठ मारली. ह्लोथच्या हातून सामान्य दर्जाचा निरपराध माणूस मारला गेला, तर मारल्याचे कबूल करणाऱ्याने वेरगिल्ड आणि दंड द्यावा. आणि त्या स्वारीत जो जो होता त्या प्रत्येकाने तीस शिलिंग ‘ह्लोथबोत’ म्हणून भरावेत. मृताचा दर्जा वाढला की ही रक्कमही वाढे. हात एकाचा असला तरी नाव सर्वांचे, म्हणून भरपाईही सर्वांची.

समूहवाचक नामाचा याहून नेमका सिद्धान्त शोधूनही सापडणार नाही. आठवा माणूस येऊन मिळाला की पहिल्या सातांचा गुन्हा बदलतो. त्यांनी काहीच निराळे केलेले नसते. बदलते ते नाव, आणि नावाबरोबर दायित्व.

यापुढची पायरी अधिक बोलकी आहे. आल्फ्रेडच्या काळात जिची सिद्धता झाली त्या ‘अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकल’मध्ये ८६५च्या नोंदीपासून डेन लोकांच्या मोठ्या ‘हेरे’चा उल्लेख येऊ लागतो. इंग्रजांची फौज मात्र ‘फ्यर्द’. शस्त्रे दोघांकडे आहेत, लूट दोघेही करतात, पण लुटारूपणाच्या खटल्यातील शब्द शत्रूसाठी राखलेला आहे. ‘हेरे’पासूनच लुटालूट करण्याचे क्रियापदही बनले. पुढील नोंदींत हा भेद सैल होत गेला हे खरे. तथापि नवव्या शतकाच्या वृत्तान्तात तो पुरेसा ठसठशीत आहे. इतिवृत्तकार वर्णन करीत असल्याचा भास निर्माण करतो. प्रत्यक्षात पहिल्याच नामाने त्याने आरोपपत्र दाखल केलेले असते. वाक्यरचनाही या तणावाची साक्ष देते. ‘हेरे’ एकवचनी येतो, आणि वाक्य लांबत गेले की त्याच्यासाठी अनेकवचनी सर्वनाम व क्रियापद येऊ लागते. नामाने बांधलेली माणसे क्रियापदातून पुन्हा सुटी होतात.

नामाला मोजमाप समजण्याची चूक इतिहासकारांच्याही वाट्याला आली. पीटर सॉयर यांनी ‘द एज ऑफ द व्हायकिंग्ज’ (१९६२) या ग्रंथात डेन सैन्ये फार लहान, शेकड्यांत मोजण्याजोगी होती असे मांडले. त्यांच्या पुराव्यांत इनेच्या पस्तिसांचाही आधार होता. निकोलस ब्रुक्स यांनी १९७९ साली या मांडणीला सविस्तर उत्तर दिले. संहितेतील आकडा गुन्ह्यांची प्रतवारी लावण्यासाठी आहे, सैन्याची गणती करण्यासाठी नाही, हे एकदा ध्यानात आले की तो आधार गळून पडतो. सॉयर यांनी शब्दाला संख्या मानले, अलंकारवाद्यांनी शब्दाला प्रतिमा मानले. चूक एकाच जातीची आहे. दोघांनीही शब्द कोणत्या आसनावरून उच्चारला गेला हे पाहिले नाही.

५

अलंकारवाद्यांच्या हाती आणखी एक अस्त्र उरते : रूपकाचा सिद्धान्त. माणसांच्या समूहाला प्राण्यांचे शब्द लावणे हे आदिम रूपक आहे आणि भाषा अशाच संक्रमणांतून वाढते, असे सांगितले जाते. जुन्या इंग्रजीची नोंद या सरळ दिशेला दुजोरा देत नाही. ‘फ्लॉक’ हा शब्द आज मेंढ्यांचा वाटतो. जुन्या इंग्रजीत तो माणसांच्या टोळीचा, तुकडीचा शब्द होता; प्राण्यांकडे तो मध्य इंग्रजीच्या काळात, १२००च्या सुमारास वळला. नंतर धर्मगुरूच्या मेंढपाळपणाच्या कल्पनेतून तो माणसांकडे परतला, तेव्हा मधल्या प्रवासाची लोकर त्याला चिकटलेली होती. जी माणसे पूर्वी तुकडी होती ती आता कळप झाली. कळप म्हटला की राखणदार ओघाने आलाच. ‘टीम’ची कथाही उद्बोधक आहे : प्रथम संतती, कुटुंब, मग औताला जुंपलेली जनावरे, आणि फार पुढे खेळाडूंचा संघ. कोणत्या शब्दाला रूपक म्हणायचे आणि कोणत्याला मूळ अर्थ, हे ठरवण्यासाठी काव्यशास्त्राआधी कालक्रम पाहावा लागतो.

‘थ्रेट’ या शब्दाचे उदाहरण तर निर्णायक मानता येईल. आज धमकी वा धोका एवढाच अर्थ उरलेला हा शब्द जुन्या इंग्रजीत ‘थ्रेआत’ या रूपात जमावाचा, तुकडीचा वाचक होता. जुलूम, दडपण हाही अर्थ त्याच्यात होताच. शतके लोटली, माणसे त्या शब्दातून निघून गेली आणि त्यांच्यापासून वाटणारी भीती तेवढी मागे राहिली. ‘क्राउड’ या शब्दाच्या मुळाशीही दाबणे, रेटणे हाच धातू आहे. समूहाचे नाव त्या समूहाच्या दडपणाखाली असलेल्याने ठेवले, हे अशा व्युत्पत्तींतून उघड दिसते.

सर्वच नावे अशी बाहेरून आलेली नाहीत, हेही नमूद करावयास हवे. ‘बेओवुल्फ’सारख्या वीरकाव्यात राजाच्या सोबत्यांसाठी शब्दांची रेलचेल आहे. त्यांतील काहींची निवड आद्याक्षर-अनुप्रासाच्या गरजेने होते, हा छंदशास्त्रज्ञांचा दावा बिनतोड आहे. पण ‘दुगुथ’ या शब्दाचा उलगडा छंदाने होत नाही. कसोटीला उतरलेल्या प्रौढ योद्ध्यांचा तो समूह, आणि ‘येओगोथ’ हा तरुणांचा. ‘दुगुथ’ या एकाच शब्दात योद्ध्यांचा मेळा आणि योग्यता, सामर्थ्य हे दोन्ही अर्थ नांदतात; त्याच्या मुळाशी उपयोगी पडणे, लायक असणे हा धातू आहे. ज्यांच्या सभागृहात गाणे गायले जात होते त्यांनी स्वतःला दिलेले हे नाव आहे, म्हणून त्यात गुण आहे. ज्यांना सभागृहात जागा नव्हती त्यांच्या वाट्याला ह्लोथ आणि थ्रेआत आले, म्हणून त्यांत गुन्हा आणि भय आहे. जुन्या इंग्रजीतील समूहवाचक शब्दांची खरी विभागणी ही अशी आहे : स्वतःचे ठेवलेले नाव आणि दुसऱ्याने लादलेले नाव. या विभागणीपुढे प्राणी आणि माणूस, गद्य आणि काव्य, मूळार्थ आणि रूपक हे भेद दुय्यम ठरतात.

६

हा वाद इंग्रजीच्या अभ्यासकांनी आपसांत मिटवावा, मराठी समीक्षेचा त्याच्याशी काय संबंध, असे विचारले जाण्याचा संभव आहे. संबंध आहे, आणि तो कायद्याच्या मार्गाने आलेला आहे. १८६०च्या भारतीय दंडसंहितेने बेकायदेशीर जमाव आणि दरोडा या दोन्हींसाठी पाच माणसांची मर्यादा घातली. चौघांनी केली ती जबरी चोरी, पाचव्याने केला तो दरोडा. जमावाच्या समान उद्दिष्टासाठी एकाने केलेल्या अपराधाचा दोष त्या जमावातील प्रत्येकाकडे जातो, हे तत्त्वही तीत होते. १ जुलै २०२४ पासून ती संहिता जाऊन भारतीय न्यायसंहिता आली, तरी पाचाचा आकडा कायम आहे. इनेपासून येथवर सरळ वंशावळ सांगण्याचा मोह आवरावा. परंतु संख्येने नाव बदलावे आणि नावाने दायित्व बदलावे, ही रीत मात्र तीच आहे.

याहून दारुण उदाहरण १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याचे. त्या कायद्याने ‘ट्राइब’, ‘गँग’ आणि ‘क्लास’ हे तीन समूहवाचक शब्द एका ओळीत बसवले आणि त्यांपैकी कोणत्याही नावाखाली येणाऱ्या संपूर्ण समुदायाला जन्मतः संशयित ठरवण्याचा अधिकार सरकारला दिला. इनेच्या कायद्यात आठवा माणूस यावा लागत असे. येथे जन्माला येणे पुरेसे होते. १९११च्या कायद्याने हा जाच मुंबई इलाख्यातही आला. स्वतंत्र भारतात तो १९५२ साली संपला. मराठीने त्या ओळीचे भाषांतर फार सहज पचवले. ‘ट्राइब’लाही टोळी आणि ‘गँग’लाही टोळी. ‘रानटी टोळ्या’ आणि ‘दरोडेखोरांची टोळी’ हे दोन्ही प्रयोग जुन्या मराठी ग्रंथांतून शेजारी शेजारी सुखाने नांदताना दिसतात. शालेय व्याकरणातील समूहदर्शक शब्दांच्या तक्त्यात केळ्यांचा घड, किल्ल्यांचा जुडगा, मेंढ्यांचा कळप, चोरांची टोळी आणि लमाणांचा तांडा हे सारे एकाच रकान्यात येतात आणि पिढ्यान्‌पिढ्या मुले ते पाठ करतात. सेंट ऑल्बन्सच्या यादीचा हा दूरचा पण सख्खा भाऊ आहे. वृत्तपत्रांच्या स्तंभांतही एकाच मैदानावर एका दिवशी ‘मेळावा’ भरतो आणि दुसऱ्या दिवशी ‘जमाव’ गोळा होतो. फ्यर्द आणि हेरे समजून घेण्यासाठी यापलीकडे भाष्याची गरज नाही.

मराठी साहित्याने या नामांना उत्तर दिलेले आहे. समीक्षेने ते उत्तर कोणत्या प्रश्नाचे आहे हे ओळखले पाहिजे. लक्ष्मण गायकवाड यांच्या आत्मकथनाचे (१९८७) शीर्षक ‘उचल्या’ आहे. समाजाने एका समुदायावर मारलेला शेरा लेखकाने ग्रंथाच्या मुखपृष्ठावर स्वतःच्या हाताने लिहिला. ज्या नामावर अपील नव्हते त्याला त्या ग्रंथाने वाक्य दिले, कथन दिले, प्रथमपुरुष दिला. हे शीर्षक समर्पक आहे, परिणामकारक आहे, इतके बोलून थांबणारी समीक्षा कावळ्यांच्या ‘मर्डर’वर टाळी देणाऱ्या समीक्षेपासून फार दूर नाही. तिने शीर्षकाचे सौंदर्य पाहिले आणि शीर्षकातील खटला सोडून दिला.

समूहवाचक शब्दांचा अभ्यास म्हणून तक्ते पाठ करून होत नाही आणि शब्दांच्या चमत्कृतीने दिपूनही होत नाही. शब्द कोणी उच्चारला, कोणाविषयी उच्चारला, तो उच्चारला गेल्यानंतर कोणाला किती भरपाई द्यावी लागली, या क्रमाने तो व्हावयास हवा. चंडोलाला त्याच्या वर चढण्याचे नाव मिळाले. त्याचे काही बिघडले नाही. ह्लोथमधल्या ज्या माणसाने हात उचलला नव्हता, त्याचे तीस शिलिंग मात्र गेले.